लिंबू पिळण्याआधी

फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या तालाँसाक बाजारात मी सहाच्या सहा कालवांवर लिंबू पिळलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चुकून त्याच्याच ताटात पिळलं की काय, असं वाटून गेलं. रविवार होता, सकाळचे अकरा वाजत आलेले, नोव्हेंबरातली ओली थंडी कानात शिरत होती. कालवंवाल्याच्या फळीवर हिरवंकाळं शेवाळ पसरलेलं आणि त्यात शिंपले आकारानुसार रचलेले. प्रत्येक ढिगावर आकडा, आणि त्यातली गंमत अशी की आकडा जितका लहान तितकं कालव मोठं. इथे शिकणाऱ्या माझ्या लेकीने तीन नंबरची सहा मागितली. त्या माणसाने डाव्या हातात जाड हातमोजा चढवला, आखूड पात्याची सुरी शिंपल्याच्या कडेत खुपसली, मनगटाला एक हिसका दिला. वरची शिंप टोपलीत, खालची ताटात, आतल्या पाण्याचा थेंब न सांडता. सहा कालवांना मिनिटभर लागलं असेल नसेल. सोबत राय नावाच्या धान्याच्या काळसर पावाचे दोन काप, खारं लोणी, लिंबाची एक फोड आणि थंडगार पांढऱ्या वाइनचा छोटासा ग्लास.

लिंबाची फोड समोर आली की पिळायची, यात विचार कसला करायचा? पोह्यांवर पिळते, तळलेल्या बांगड्यावर पिळते, वरणभातावर पिळते. पिळली, बोटं चाटली. तेव्हा तो म्हातारा काहीतरी बोलला. चार-पाचच शब्द. त्यातला ‘सित्राँ’ तेवढा कळला, कारण आदल्याच दिवशी दुकानात लिंबं घेतली होती. कालवंवाला हसला, पलीकडची चीजवाली हसली, आणि माझी लेक कानापर्यंत लाल झाली. “काय म्हणाला गं?” “काही नाही गं आई. खा तू.”

आजवर काहीही नसताना ती “काही नाही गं” म्हणालेली मला आठवत नाही.

संध्याकाळी ट्राममध्ये तिने सांगितलं. तो म्हणाला होता, “बाई, लिंबू ग्लासातच होतं की.” एवढंच. मला वाटलं होतं, परक्या बाईची काहीतरी टवाळी केली असेल, रंगावरून, साडीवरून; खरं तर मी साडी नेसलेलेही नव्हते. निघालं काय, तर लिंबू. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट ते वाक्य दाताच्या फटीत तीळ अडकावा तसं अडकून बसलं. त्याचं बरोबर होतं की नव्हतं हेच मला सांगता येत नव्हतं, कारण लिंबाखाली ना कालवाची चव लागली होती ना वाइनची. वाइनचा तर एक घोट घेऊन मी लेकीला म्हणाले होते, “पाण्यासारखी आहे गं.” ती म्हणाली, “हळू बोल.” मराठीत काय हळू बोलायचं?

त्या रात्री आईला फोन लावला. आई ब्याऐंशीची, पुण्यात माझ्याकडेच असते. मी तीन आठवडे इथे म्हणून भाऊ तिच्यापाशी येऊन राहिला होता. कुठल्याही खंडातून फोन करा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “काय खाल्लंस आज?” म्हटलं, “कालवं.” “तिथे मिळतात?” “ढिगांनी मिळतात. पण कच्ची खातात गं. नुसती उघडायची आणि गिळायची.” पलीकडे एकदम शांतता. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग ती म्हणाली, “आणि वर काय पितात?” पन्नाशी उलटलेली, स्वतःचं घर चालवणारी, लेकीला परदेशात शिकायला धाडलेली बाई मी, सरळ म्हणाले, “लिंबाचं काहीतरी असतं.” तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. म्हातारा दुसरं काय म्हणाला होता?

आईची ती शांतता मी किळस म्हणून जमेला धरली. आमचं आजोळ वेंगुर्ल्याच्या अंगाला, खाडीकाठी. तिथे कालव ही कच्ची खायची वस्तू नव्हेच. हिवाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बायका कातळांवर जायच्या, टोकदार लोखंडाने ठोकून शिंपले फोडायच्या आणि आतलं मांस पत्र्याच्या डब्यात खाऱ्या पाण्यात जमवून घरोघर विकायला यायच्या. माप म्हणजे नारळाची करवंटी. आमच्याकडे येणारी जी होती तिला आम्ही मुलं मावशी म्हणायचो, पण ती मावशी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, अलीकडे कधी आली नाही. डबा खळ्याच्या कडेला ठेवायची आणि आजी भांडं घेऊन बाहेर जायची. करवंटीतून कालवं ओतताना तिचे हात दिसायचे. शिंपल्यांच्या धारेने कापलेले, त्यावर मीठ बसून पांढरट झालेले, बोटांची पेरं फुगलेली. आजी घासाघीस करायची. मग घरात वाटप वाटलं जायचं, ओलं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, सुक्या मिरच्या, आणि शेवटी चार सोलं, म्हणजे आमसुलं. कालवांचं सुकं आणि तांदळाची भाकरी. त्या हातांचा आणि त्या चवीचा काही संबंध आहे हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. नाँतमध्ये तो जाड हातमोजा पाहिला आणि एकदम आठवलं, मावशीला हातमोजा नव्हता.

आता थोडं त्या वाइनविषयी, कारण दोष तिचा नव्हता. म्युस्कादे तिचं नाव. नावावरून मस्कट द्राक्षाचा सुगंधी प्रकार वाटेल, तर तसं काही नाही. सुगंध ही म्युस्कादेची बाजूच नव्हे. लुआर नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे नाँत, आणि नाँतच्या दक्षिणेला सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांच्या आजूबाजूला हिचे मळे. (नाशिकला शेनिन ब्लाँ नावाची द्राक्षाची जात लावतात, ती मूळची याच लुआरच्या वरच्या अंगाची. नदी एक, पण दोघींचा स्वभाव वेगळा.) समुद्र एवढा जवळ की वाराच दमट. द्राक्षाचं नाव मेलाँ, पूर्ण नावात ‘बरगंडीचं’ असं शेपूट; बरगंडी म्हणजे फ्रान्सच्या पूर्वेकडचा वाइनचा प्रांत. शार्दने नावाच्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचं हे सख्खं भावंड, आईबाप तेच. शार्दने जगभर नाव काढून बसली, आणि हे भावंड बरगंडीतून हाकललं जाऊन इथे समुद्राकाठी आंबट, हलकी, फारसा वास नसलेली वाइन देत राहिलं. प्रत्येक घरात असं एक भावंड असतं, असं मी लेकीला म्हणाले. ती म्हणाली, “मामा?” मी म्हटलं, “हळू बोल.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आगगाडीने क्लिसाँला गेलो. नाँतपासून अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. गाव बघून मला काही कळेना. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला इटलीतलं गाव उचलून आणून ठेवल्यासारखं, कौलं तशी, कमानी तशा. फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध झालेल्या व्हाँदे प्रांतातल्या बंडाच्या वेळी, १७९३-९४ मध्ये गाव जाळलं गेलं आणि पुढे इटलीच्या प्रेमात पडलेल्या काही मंडळींनी ते त्या धाटणीवर पुन्हा उभं केलं, म्हणून ही गंमत. मधोमध जुन्या किल्ल्याचे भग्न बुरूज, खाली नदी. आणि जूनमध्ये याच चिमुकल्या गावात कानठळ्या बसवणाऱ्या मेटल संगीताचा मोठा उत्सव भरतो, काळे टीशर्ट घातलेली हजारो माणसं येतात. नोव्हेंबरात मात्र एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, बाकी शुकशुकाट.

तिथून जवळच गोर्ज नावाच्या गावात एका बाईच्या मळ्यावर गेलो. लेकीच्या मैत्रिणीची ओळख. बाई माझ्याच वयाच्या, पायात गमबूट, केस पेन्सिल खोचून बांधलेले. दगडी तळघर, लाकडी पिंपं, मेणबत्त्या असं काही माझ्या डोळ्यासमोर होतं. प्रत्यक्षात एक साधी शेड आणि सपाट सिमेंटची जमीन. जमिनीवर ओळीने गोल झाकणं. आपल्याकडे सोसायटीत पाण्याच्या टाकीची असतात ना, हुबेहूब तशी. मी झाकणावर उभी राहून पिंपं कुठे दिसतात का बघत होते. बाई काहीतरी बोलल्या आणि लेक हसली. “तू वाइनवर उभी आहेस, असं म्हणतायत.” त्या भागात टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. जमिनीखाली थंडावा टिकतो, म्हणून वाइन शांत पडून राहते.

आणि ती पडून राहते गाळावर. हीच म्युस्कादेची खासियत, बाटलीवरही अभिमानाने छापलेली असते. साखरेची दारू करून झाली की यीस्ट मरतं आणि तळाशी साय बसावी तसं बसतं. बहुतेक पांढऱ्या वाइन लौकर त्यावरून काढून घेतात. इथे ती तशीच ठेवतात, निदान पुढचा मार्च उजाडेपर्यंत, आणि मग दुसऱ्या कुठल्या भांड्यात न फिरवता थेट बाटलीत. म्हणून जिभेवर बारीकशी चुणचुण राहते, आणि त्या पातळ आंबटपणाला मागून कोणीतरी हात दिल्यासारखा भरीवपणा येतो. असं सांगतात, की पूर्वी घरच्या लग्नासाठी म्हणून एक पिंप हात न लावता बाजूला ठेवायचे, आणि लग्नाच्या दिवशी तेच सगळ्यांत चांगलं निघायचं. मराठीत ‘गाळ’ म्हटलं की आधी उपसायची भाषा येते. आई ताकावरची निवळी ओतून देते आणि खालचं दाट ठेवते, तेव्हा तिला हे कळायला हरकत नाही, असं माझ्या मनात आलं. पण तिला तर मी लिंबाचं काहीतरी म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी एक झाकण उघडलं. खाली काळोख, त्यातून पावाच्या भट्टीसारखा ओला, उबदार वास वर आला. दोरीला बांधलेलं भांडं सोडून त्यांनी नवी वाइन काढली. दीड-दोन महिन्यांची असेल. रंग तांदूळ धुतलेल्या पाण्याचा. चव काय सांगू, हिरवं सफरचंद दातांनी तोडल्यावर हिरड्यांना जे होतं ते, आणि मागे कणीक तिंबताना येतो तो वास. मग त्यांनी एक जुनी बाटली उघडली, दोन वर्षं गाळावर ठेवलेली. गोर्ज आणि क्लिसाँ या गावांची नावं २०११ पासून बाटलीवर वेगळी लावता येतात, पण त्यासाठी किमान २४ महिने गाळावर ठेवावी लागते. ही जरा बोलकी होती. पण बोलकी म्हणजे आमच्या आत्याइतकी नाही. समोरच्याने विचारलं तर सांगणारी.

शेडच्या दाराशी हिरवट काळ्या दगडाचा एक धोंडा ठेवला होता. बाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला, आणि हात एकदम खालीच गेला. गॅब्रो. क्लिसाँ ग्रॅनाइटवर, गोर्ज गॅब्रोवर, आणि दोघांच्या वाइन वेगळ्या लागतात हा त्यांच्या अभिमानाचा विषय. मला दगडांतलं शाळेपुरतंच कळतं, तरी हे माहीत होतं की गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टचं भावंड. रस तोच, बेसॉल्ट वर येऊन भराभर थंडावला, गॅब्रो जमिनीच्या पोटात सावकाश. पुण्याच्या टेकड्यांवर मी रोज ज्यावर पाय ठेवून चालते त्याचा चुलतभाऊ इथे द्राक्षाच्या मुळाशी. दगडाची चव वाइनमध्ये उतरत नाही, तो नुसता बोलण्याचा भाग आहे, असं भूवैज्ञानिक बजावून सांगतात. मी बाईंना ते विचारलं नाही. पाहुणीने कशाला विचारायचं? शिवाय दगड हातात होता आणि तो खूप थंड होता.

इथे द्राक्षं कोणी आणली, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी कान टवकारले, कारण त्या म्हणाल्या डच. सतराव्या शतकात डच व्यापारी नाँतच्या बंदरात यायचे. त्यांना चांगली वाइन नको होती, स्वस्त पांढरी, आंबट, भरपूर हवी होती; ती ते ऊर्ध्वपातन करून न्यायचे. ‘जाळलेली वाइन’ म्हणजे ब्रँडवेन, त्यावरूनच ब्रँडी. त्यांच्या मागणीपायी इथले लाल द्राक्षांचे मळे हळूहळू पांढरे झाले. मग १७०९ चा तो हिवाळा आला. युरोपात त्याला आजही नुसता ‘मोठा हिवाळा’ म्हणतात. वेली उभ्या उभ्या मेल्या. मेलाँ मात्र थंडीला चिवट, ती तगली, आणि पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा लोकांनी तीच लावली. मी लेकीला म्हटलं, सांग त्यांना, याच डचांची याच शतकातली वखार आमच्या वेंगुर्ल्यात आहे, भिंती अजून उभ्या आहेत, आत झाडं उगवलीत, मामाबरोबर मी लहानपणी तिथे लपाछपी खेळलेय. लेकीने सांगितलं. बाईंनी भुवया उंचावल्या, विचारलं, “तिथे ते काय घ्यायला यायचे?” मी म्हटलं, मिरी, कापड, असंच. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडून चव नेली आणि आमच्याकडून आंबट.” बाई विनोदी होत्या.

पण विनोद फार वेळ चालला नाही. दाराबाहेर वेली पिवळ्या पडून उभ्या होत्या, काहींच्या फक्त काठ्या. त्यांनी २०२१ चा एप्रिल सांगितला. कोंब नुकते फुटलेले, आणि लागोपाठ कडाक्याच्या थंडीच्या रात्री. वेलींच्या ओळींमधून मेणाचे डबे पेटवून रात्रभर राखण केली. सकाळी कोंब शिजवलेल्या पालकासारखे काळे. वर्ष गेलं. मला मोहोरात अवकाळी पाऊस पडल्यावर मामा अंगणात नुसता उभा राहायचा तो आठवला. तो काही बोलायचा नाही, फक्त कलमांकडे बघायचा. एके काळी म्युस्कादे इंग्लंडात घाऊक जायची, मग फॅशन बदलली, भाव कोसळले, आजूबाजूच्या कितीतरी लोकांनी मळे उपटले. आजही बाटली सात-आठ युरोला मिळते. त्यांनी ग्लास पुसताना माझं लक्ष हातांकडे गेलं. मळ्यात छाटणीचे दिवस यायचे होते, तरी अंगठ्यापाशी जुन्या जखमांची जाळी. मी पटकन दुसरीकडे पाहिलं. हात पाहून मन भरून येण्याची सवय लागली की ती जरा संशयास्पद होते. घासाघीस करणारी आजी माझीच होती, आणि मीही दोन बाटल्या घेताना तिसरीवर काही सूट आहे का, असं लेकीकरवी विचारलंच.

मधल्या दिवसांत नदीकाठच्या एका खानावळीत नदीतला मासा खाल्ला, वर ‘बर ब्लाँ’ नावाचा पांढरा रस्सा. रस्सा म्हणजे काय, तर बारीक चिरलेला छोटा कांदा, व्हिनेगर आणि म्युस्कादे आटवायची आणि त्यात थंड लोणी थोडं थोडं फेटत जायचं. नाँतजवळच्या एका गावात क्लेमाँस लफव्र नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो काढला. दुसरंच काही करताना अंडी घालायची राहिली आणि हे झालं, असं तिथले लोक सांगतात. जगातले निम्मे चांगले पदार्थ कुणीतरी काहीतरी विसरल्यामुळे झालेत, आणि ते विसरणारी बहुतेक वेळा बाईच असते. असो. रस्सा उत्तम होता, मासा काटेरी.

शेवटच्या रविवारी मी एकटीच तालाँसाकला गेले. लेकीला परीक्षा होती, आणि खरं सांगायचं तर मला साक्षीदार नको होता. तो म्हातारा दिसला नाही. थोडं वाईट वाटलं, थोडं हायसं. सहा कालवं, बोटाने दाखवून. लिंबाची फोड ताटाच्या काठाला होती, ती मी पावाखाली सरकवली. पहिलं कालव तोंडात घेतलं तेव्हा अंगावर काटा आला. थंड, निसरडं, आणि मग एकदम खाडी. दुसरा शब्द नाही. सुकतीच्या वेळची, चिखलाचा आणि शेवाळाचा वास असलेली, ऊन तापायच्या आधीची खाडी. चावलं तर मागून गोडसर, काकडीच्या सालीसारखं काहीतरी. तो खारटपणा जिभेवर जड होऊ लागला तेव्हा घोट घेतला. आणि तो जडपणा गेला. वाइनची म्हणून चव आताही फारशी लागली नाही. फक्त कालवाची टोकदार झाली, आणि तोंड पुढच्या कालवाला मोकळं झालं. आधी आंबट, मग चुणचुण, मग तोंडात कुठेतरी पुन्हा मीठ, जे वाइनमध्ये नसणारच.

तिसऱ्या कालवाला मला कळलं की ही वाइन म्हणजे सोल आहे.

सुकं कसं झालंय असं विचारलं तर खोबऱ्याचं कौतुक होतं, मसाल्याचं होतं, कालवं ताजी होती असं म्हणतात. सोलं छान होती असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. घालायची राहिली तरच आठवतात. ताटात शेवटी काठाला काढून ठेवलेली, चोखून पांढुरकी झालेली दोन सोलं, एवढंच त्यांचं दिसणं. आणि मी काय केलं होतं, तर सोलं घातलेल्या सुक्यावर पुन्हा लिंबू पिळलं होतं. हे आमच्या आजीने पाहिलं असतं तर तीही चार-पाच शब्दच बोलली असती, पण ते त्या म्हाताऱ्याइतके सभ्य नसते.

उभ्या उभ्या अजून एक गोष्ट कळली, ती कालवंवाल्याच्या मोडक्या इंग्रजीतून. ही कालवं मूळची जपानची. आधीच्या जातीवर १९७० च्या सुमाराला रोग पडला आणि ती संपली, तेव्हा तिकडून आणून वाढवली. त्या आधीची जातही बाहेरचीच, पोर्तुगालहून आलेली. म्हणजे ज्या जोडीला इथे लोक जन्माची जोडी म्हणतात तिच्यातलं एक बरगंडीचं आणि दुसरं जपानचं. माझी लेक इथे पुढे राहणार की परत येणार, हा प्रश्न तीन आठवडे आम्ही दोघींनी टाळला होता. त्या दिवशीही टाळलाच.

पुण्यात एक बाटली आणली, जुनी, गोर्जची, लोकरी मोज्यात गुंडाळून. दुसरी लेकीकडेच ठेवली. जानेवारीत मामेभावाने वेंगुर्ल्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून कालवं पाठवली, निम्मी सोललेली आणि निम्मी शिंपल्यातली, कारण मी मुद्दाम तशी मागितली होती. सुकं आईने सांगितलं आणि मी केलं. बाटली उघडायची तर आईला सांगावंच लागलं. तिने चष्मा लावून लेबल पाहिलं, जणू त्यावर मराठीत काही लिहिलेलं असेल. “हेच का ते लिंबाचं काहीतरी?” मी मान हलवली. ती काही बोलली नाही. अशा वेळी तिने काही बोललेलं परवडतं.

तर सांगायची गोष्ट अशी की जमलं नाही. सुक्यातल्या मिरचीने आणि वाटपाने त्या बिचारीला उभंच राहू दिलं नाही. सोलांचा आंबटपणा आणि तिचा आंबटपणा एकमेकांच्या पायात पाय घालत होते. घोट घेतला की नुसतं धारदार पाणी. दोन सोलं एका कढईत, दुसरं काय होणार? मी हिरमुसले. मग शिंपल्यातली निखाऱ्यावर टाकावीत असं ठरलं. निखारे कुठले, गॅसवर जाळी. शिंपले चटचट वाजले, एकेक तोंड उघडायला लागलं, आणि स्वयंपाकघरात तो वास भरला. आई खोलीतून उठून आली. ओट्याला टेकून उभी राहिली. मी एक शिंप बशीत घालून तिच्यापुढे केली आणि सवयीने लिंबू कापायला घेतलं.

“तिथे कच्चीच खाल्लीस ना तू?” तिने विचारलं.

“हो. तुला किळस आली होती ना, फोनवर?”

“किळस?” ती शिंपेकडे बघत म्हणाली. आणि मग पुण्यात साठ वर्षं काढलेल्या माझ्या आईच्या तोंडून जे आलं ते पुण्याचं नव्हतं. “आमी तर कातळारच बसान खाय होतव गो.” शाळेतून येताना, सुकती असली की. दगडाने शिंपला फोडायचा आणि तिथल्या तिथे. तिच्याबरोबर कोण असायची, तर कालवंवालीची मुलगी. बरोबरीची. फोडायला तिनेच शिकवलं, कारण आईला जमायचं नाही, हात कापून घ्यायची. घरी कळलं तेव्हा आजीने बदडलं. कच्ची खाल्ली म्हणून की कोणाबरोबर खाल्ली म्हणून, ते तेव्हा समजलं नाही, असं आई म्हणाली. म्हणजे पुढे समजलं असणार. मी जिला मावशी म्हणायचे ती हीच का, असं विचारणार होते, पण आई तोवर शिंप ओठांना लावून आतलं पाणी प्यायली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

ग्लासातलं तिने चमचाभर घेतलं. औषधाचा चमचा, स्टीलचा. तोंड वाकडं केलं, गिळलं, थोडा वेळ जीभ टाळ्याला लावून उभी राहिली. “ह्यात मीठ घालतात?” “नाही.” “घालत असतील,” ती म्हणाली आणि दुसरी शिंप उचलली. कापलेलं लिंबू ओट्यावर तसंच राहिलं. संध्याकाळी मी त्याचं सरबत केलं.

बाटली अर्धी उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला तर ती दारात, ताकाच्या भांड्याशेजारी उभी, बूच कुठेतरी हरवलेलं म्हणून तोंडावर एक छोटी स्टीलची वाटी पालथी घातलेली.